कांदा चाळीत, नेता खुर्चीत: नव्या पंतप्रधानांच्या पहिल्या वर्षाचा हिशेब कसा मांडावा

दिल्लीत शपथविधी संध्याकाळी होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाशकात मिसळीच्या टेबलावर निकाल लागलेलाही असतो. एक म्हणतो देशाला वाली मिळाला, दुसरा म्हणतो वाटोळं झालं. दोघांचाही पुरावा एकच, रात्री मोबाईलवर आलेलं काहीतरी. शंभर दिवस झाले की पानभर जाहिराती येतात, वर्ष झालं की पुरवण्या निघतात, आणि तोवर दोन्हीकडची मतं इतकी घट्ट झालेली असतात की आकडे कुणालाच नको असतात.

हा लेख त्या टेबलावरच्या तिसऱ्या माणसासाठी आहे. तो पाव मोडत दोघांचं ऐकतो आणि मनात म्हणतो, अरे पण हे मोजायचं कसं? पक्ष कुठलाही असो, पंतप्रधान कुणीही असो, पद्धत तीच. लागतं काय, तर एक दोनशे पानी वही, पक्षाचा जाहीरनामा आणि आठवड्यातून तासभर. माझं मत आधीच सांगून टाकतो: पहिल्या वर्षात कामाची फळं मोजायला जाऊ नये. त्या काळात दिसतात ते निर्णय, त्यामागे ठेवलेला पैसा आणि अंगाशी आल्यावर माणूस कसा वागतो ते. एवढंच मोजायचं, पण कागदावर मोजायचं.

शंभर दिवस आले कुठून

अमेरिकेत फ्रँकलिन रूझवेल्ट ४ मार्च १९३३ ला अध्यक्ष झाले तेव्हा तिथल्या बँका धडाधड बुडत होत्या. ९ मार्चला तिथल्या संसदेचं खास अधिवेशन बसलं, त्याच दिवशी बँकांचा कायदा झाला आणि जूनच्या मध्यापर्यंत एकामागून एक मोठे कायदे संमत झाले. जुलैत रेडिओवरच्या भाषणात त्यांनी या शंभर दिवसांचा उल्लेख केला आणि तेव्हापासून हा आकडा प्रत्येक नव्या नेत्याच्या मानगुटीवर बसलाय. पण रूझवेल्ट यांच्यामागे दोन्ही सभागृहांत दणदणीत बहुमत होतं आणि धास्तावलेला देश काहीही मान्य करायला तयार होता. आपल्याकडे मे-जूनमध्ये सरकार येतं, पूर्ण अर्थसंकल्प जुलैत मांडला जातो, मग खर्चाला सुरुवात होते. शंभरातले बरेचसे दिवस मंत्र्यांना खातं समजून घेण्यातच जातात.

तरी हा आकडा अगदीच टाकाऊ नाही. ब्रिटनमध्ये लिझ ट्रस ६ सप्टेंबर २०२२ ला पंतप्रधान झाल्या. २३ सप्टेंबरला त्यांच्या अर्थमंत्र्यांनी पैसा कुठून उभा करणार ते न सांगता मोठी करकपात जाहीर केली, पौंड गडगडला आणि २० ऑक्टोबरला बाईंनी राजीनामा जाहीर केला. दिवाळं लवकर कळतं, ते असं. नफा झाला का, हे कळायला मात्र वेळ लागतो. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर तीन तारखा टाका: शंभर दिवसांची, एक वर्षाची आणि दोन अर्थसंकल्प उलटल्यानंतरची. पहिल्या तारखेला निर्णय तपासायचे, दुसऱ्या तारखेला पैसा, तिसऱ्या तारखेला परिणाम. तारीख यायच्या आधी निकाल द्यायचा नाही, मग मिसळीच्या टेबलावर कुणी कितीही डिवचलं तरी.

पायरी १: वचनं शपथविधीच्या आठवड्यातच उतरवून घ्या

उशीर केलात तर वचनाचा अर्थ बदललेला असतो. पक्षाचीच माणसं सांगायला लागतात, 'आम्ही तसं म्हटलंच नव्हतं.' म्हणून मूळ शब्द जसेच्या तसे उतरवायचे, बातमीतून नाही, जाहीरनाम्यातून. पान क्रमांकासह.

जाहीरनामा हा एकच कागद मात्र पुरत नाही. आघाडीचं सरकार असेल तर निवडणुकीनंतर ठरलेला सामायिक कार्यक्रम हा खरा करार. २००४ मध्ये मनमोहन सिंग यांच्या सरकारचा किमान समान कार्यक्रम असाच मे महिन्यात आला आणि त्यात ग्रामीण रोजगार हमीच्या कायद्याचं वचन होतं. तिसरा कागद म्हणजे राष्ट्रपतींचं अभिभाषण. लोकसभेच्या निवडणुकीनंतरच्या पहिल्या अधिवेशनात ते राज्यघटनेच्या अनुच्छेद ८७ प्रमाणे होतं आणि त्यातलं वाक्यन् वाक्य मंत्रिमंडळानं मंजूर केलेलं असतं. लोक ते भाषण टीव्हीवर लागलं की उठून जातात. पण सभेत बोललेलं वचन प्रचाराचं म्हणून सोडून देता येतं, अभिभाषणातलं येत नाही. चौथा कागद, पहिलं अर्थसंकल्पीय भाषण.

आता वचनं निवडा. जाहीरनाम्यात शंभर-दोनशे असतात, सगळ्यांच्या मागे लागलात तर दुसऱ्या महिन्यात वही माळ्यावर जाईल. सात-आठ घ्या. त्यातली दोन स्वतःच्या पोटापाण्याची (निफाडच्या शेतकऱ्यासाठी निर्यात, अंबडच्या कारखानदारासाठी जीएसटी), दोन देशाच्या पातळीवरची, दोन अशी की जी तुम्हाला स्वतःला पटत नाहीत. ही शेवटची दोन महत्त्वाची. न पटणारं वचन सरकारनं पूर्ण केलं तर तेही 'पूर्ण केलं' असंच लिहावं लागतं, आणि तिथेच आपला हात थरथरतो.

घोषवाक्यं वहीत घेऊ नका. 'गरिबी हटाव' किंवा 'अच्छे दिन' मोजता येत नाही. ते ना पुरं होतं ना मोडतं. पण ज्याला आकडा आणि मुदत आहे ते घ्या. जून २०१४ च्या अभिभाषणात स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीपर्यंत प्रत्येक कुटुंबाला पक्कं घर, असं वचन होतं. मुदत आठ वर्षांची. मग पहिल्या वर्षी काय तपासायचं? तर योजना जाहीर झाली का, त्यासाठी वेगळा पैसा ठेवला का, घर म्हणजे काय आणि लाभार्थी कोण हे ठरलं का. शहरांसाठीची योजना २५ जून २०१५ ला सुरू झाली. वर्षभरात एवढीच खूण, आणि ती पुरेशी आहे. (पुढे शहरांच्या योजनेची मुदत २०२२ वरून डिसेंबर २०२४ पर्यंत वाढवली गेली, ते तिसऱ्या तारखेचं काम.)

प्रत्येक वचनाखाली आणखी एक ओळ: पैसा कुठून? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर निवडणूक आयोगानं पक्षांना सांगितलेलं आहे की वचनामागचं कारण आणि पैसा कसा उभा करणार याची ढोबळ कल्पना जाहीरनाम्यात द्यावी. किती पक्ष देतात ते स्वतःच पाहा. करमणूक होईल.

मोडलेलं वचन आणि न सांगितलेलं काम

१९९१ ची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण तिनं भल्याभल्यांचे हिशेब चुकवले असते. काँग्रेसच्या त्या वर्षीच्या जाहीरनाम्यात काही जीवनावश्यक वस्तूंचे भाव शंभर दिवसांत जुलै १९९० च्या पातळीवर आणण्याचं वचन होतं. नरसिंह राव २१ जूनला पंतप्रधान झाले. सरकार अल्पमतातलं, परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरती. १ आणि ३ जुलैला रुपयाचं अवमूल्यन झालं, जुलैतच सोनं लंडनला गहाण पाठवलं गेलं, २४ जुलैला नवं औद्योगिक धोरण आणि मनमोहन सिंग यांचा अर्थसंकल्प एकाच दिवशी आले. भाव मात्र उतरले नाहीत, उतरणं शक्यही नव्हतं.

शंभराव्या दिवशी नुसतं वचन तपासलं असतं तर शेरा 'नापास'. आणि तरीही त्या पाच आठवड्यांत जे झालं त्यावर पुढची तीस वर्षं देश चालला. म्हणून वहीत एक वेगळं पान राखून ठेवा, त्यावर लिहा: न सांगितलेलं पण केलेलं. चांगलं-वाईट दोन्ही इथे येतं. मोडलेल्या वचनाच्या रकान्यात 'मोडलं' असंच लिहायचं, त्यात सूट नाही. पण त्या पानाशेजारी हे पान उघडं ठेवूनच निकाल द्यायचा.

पायरी २: सुरुवातीची रेघ आणि हातात काय आहे

सुरुवातीची रेघ म्हणजे सरकार आलं त्या दिवशी गोष्टी कुठे होत्या ते. आमच्या गल्लीतले एक नाना प्रत्येक सरकारचं मोजमाप कांद्याच्या भावावर करतात. नाशिक जिल्ह्यात ते साहजिक आहे. पण कांदा मोजमापाला किती अवघड आहे ते जरा जवळून पाहा.

उन्हाळ कांद्याची लागवड साधारण डिसेंबर-जानेवारीत, काढणी मार्चअखेर ते मे. मग तो चाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, जातो आणि थोडा थोडा करत ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत बाजारात येतो. चाळीत तो वाळतो, सडतो, कोंब येतात; वजन रोज घटत असतं. जूनमध्ये शपथ घेतलेल्या पंतप्रधानांच्या पहिल्या शंभर दिवसांत लासलगावच्या लिलावात जो कांदा येतो, तो त्यांच्या आधी लावलेला, काढलेला आणि चाळीत टाकलेला असतो. भाव चढला तरी त्यांचं कर्तृत्व नाही, पडला तरी त्यांचा गुन्हा नाही. त्यांच्या हातात असते ती मुख्यतः एक गोष्ट: निर्यातीचा दरवाजा.

आणि त्या दरवाजाची नोंद तारखेनिशी ठेवता येते. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली. लोकसभेची निवडणूक चालू असताना, ४ मे २०२४ ला ती उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याहून स्वस्तात बाहेर विकायचा नाही) आणि ४० टक्के शुल्क लागू राहिलं. ९ जूनला नरेंद्र मोदी यांनी तिसऱ्यांदा शपथ घेतली. १३ सप्टेंबरला, म्हणजे शंभर दिवस भरायच्या आत, किमान मूल्य काढलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आणलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य.

आता नाना म्हणणार, 'अहो, सप्टेंबरचा निर्णय नोव्हेंबरातल्या विधानसभेसाठी होता.' असेलही. वहीत हेतूचा रकाना नसतो. त्याऐवजी लिहायचं: निवडणूक झाल्यावर निर्णय फिरवला का? या बाबतीत फिरवला नाही, उलट शुल्क पुढे शून्यावर गेलं. याच्याही पुढे एक ओळ: शुल्क शून्य झालं त्या उन्हाळ्यात भावाची तक्रार संपली का? नाही संपली. गिऱ्हाईक देश कांदा घेतात की नाही, बांगलादेशात त्यांचं स्वतःचं पीक कसं आलंय, यावरही लासलगाव हलतं. निर्णयाचे गुण वेगळे, भावाचे वेगळे. दोन्ही एकाच रकान्यात घातले की हिशेब गेला.

हाच नियम सगळीकडे लावा. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राचं काय, राज्याचं काय आणि दोघांचं मिळून काय याच्या याद्या आहेत. पोलीस आणि शेती राज्याच्या यादीत; परदेश व्यापार, संरक्षण, रेल्वे केंद्राच्या. नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीसाठी पंतप्रधानांना शिव्या घालणाऱ्यानं आधी तो रस्ता कुणाचा ते विचारावं.

श्रेयाचंही तसंच. २०१४ च्या सरकारच्या मंत्रिमंडळाचा पहिला निर्णय म्हणजे काळ्या पैशासाठी विशेष तपास पथक. २७ मेची ती बातमी धडाकेबाज म्हणून गाजली. पण ते पथक नेमण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच दिला होता, आधीच्या सरकारनं तो लांबवला होता आणि न्यायालयानं नव्यानं मुदत घालून दिली होती. मग नोंद अशी: न्यायालयाचा आदेश, आधीच्यांनी टाळला, यांनी पाळला. कौतुक आहेच, पण तेवढंच.

रेघेबद्दल आणखी दोन गोष्टी. महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नव्हे. गेल्या वर्षी २० रुपयांची वस्तू ४० झाली तर दर १०० टक्के. यंदा ती ४२ झाली तर दर ५ टक्के. सरकार म्हणेल महागाई आटोक्यात, घरातली बाई म्हणेल कुठे? दोघंही खरं बोलतात. म्हणून शपथविधीच्या महिन्याचा दर आणि घरच्या दहा वस्तूंचे भाव, दोन्ही त्याच दिवशी लिहून ठेवा.

दुसरी, 'दुप्पट' हा शब्द दिसला की थांबा. शेतकऱ्यांचं उत्पन्न २०२२ पर्यंत दुप्पट, हे वचन फेब्रुवारी २०१६ चं. त्यावर नेमलेल्या दलवाई समितीनं महागाई वजा जाता खरं उत्पन्न धरलं आणि त्यासाठी वर्षाला सुमारे १०.४ टक्के वाढ लागेल असं मांडलं. नुसत्या रुपयांत दुप्पट आणि महागाई वजा जाता दुप्पट यांत जमीन-अस्मानाचा फरक. कुठली दुप्पट, हे वचन दिल्याच्या दिवशीच वहीत ठरवून टाकायचं. नंतर दोन्ही बाजू आपल्याला सोयीची निवडतात.

पायरी ३: पाच रकाने

आता मुख्य काम. प्रत्येक वचनाला एक पान आणि पानावर पाच रकाने: बोललं, कागदावर आलं, पैसा ठेवला, काम सुरू झालं, माणसाला मिळालं. ज्या दिवशी एक रकाना भरेल त्या दिवशी तारीख टाका. टक्केवारी काढायच्या भानगडीत पडू नका; '७३ टक्के वचनं पूर्ण' म्हणणाऱ्यानं आकाशवाणीचं केंद्र आणि शेतीचा हमीभाव सारख्याच वजनाचे धरलेले असतात.

नाशिकचंच एक पान भरून दाखवतो. १ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पीय भाषणात नाशिक मेट्रोसाठी केंद्राचा वाटा म्हणून २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले. टायरवर चालणारी मेट्रो निओ. शहरभर फलक लागले, अभिनंदनाच्या सभा झाल्या. रकाना एक: भरला, तारखेनिशी. रकाना पाच: त्या घोषणेतली मेट्रो नाशिककरानं अजून पाहिलेली नाही. मधल्या तीन रकान्यांत कुठे गाडी अडली, हे शोधणं म्हणजेच मूल्यमापन. फलक लावणाऱ्यांनी पहिल्या रकान्यालाच पाचवा समजून पेढे वाटले होते.

कायद्यांच्या बाबतीत 'कागदावर आलं' हा रकाना आतून पोकळ असू शकतो. संसदेत कायदा संमत होणं एक, तो लागू झाल्याची अधिसूचना निघणं दुसरं, त्याचे नियम येणं तिसरं. नागरिकत्व दुरुस्ती कायदा डिसेंबर २०१९ चा, नियम ११ मार्च २०२४ चे. चार कामगार संहिता २०१९-२० मध्ये संमत, लागू २१ नोव्हेंबर २०२५ ला. आणि सगळ्यांत लांबलेलं पान महिला आरक्षणाचं. जून २००९ च्या अभिभाषणात शंभर दिवसांच्या कामांमध्ये ते होतं. ९ मार्च २०१० ला राज्यसभेत विधेयक संमत झालं, लोकसभेत पुढे गेलंच नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या सरकारनं नवी घटनादुरुस्ती आणून दोन्ही सभागृहांत ती संमत करून घेतली, पण अंमल जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेला बांधला. दोन्ही सरकारांचे समर्थक आपापल्या तारखेला फटाके वाजवून मोकळे झाले. वहीत दोन्ही तारखा आहेत आणि पाचवा रकाना दोघांच्याही पानावर त्या-त्या दिवशी कोरा होता.

पैशाचा रकाना कसा भरायचा? अर्थसंकल्पाच्या कागदांत एकाच योजनेपुढे चार आकडे असतात: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, गेल्या वर्षीचा अंदाज, गेल्या वर्षीचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षीचा अंदाज. भाषणात ऐकू येतो तो शेवटचा. तुम्ही दुसरा आणि तिसरा शेजारी-शेजारी मांडा. अंदाज हजार कोटींचा आणि सुधारित चारशेचा असेल तर योजना आजारी आहे, मग मंत्री काहीही म्हणोत. प्रत्यक्ष खर्च कळायला आणखी उशीर: जुलै २०२४ मध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पाचा खरा खर्च फेब्रुवारी २०२६ च्या कागदांत आला. तिसरी तारीख लांब ठेवायला सांगितली ती यासाठी. मधल्या काळात केंद्राचे महालेखा नियंत्रक दर महिन्याला जमाखर्चाचा गोषवारा काढतात, तो मंत्रालयनिहाय पाहता येतो. बहुतेक कागद हिंदी-इंग्रजीत असतात, पण आकडे वाचायला भाषा फारशी लागत नाही.

चौथ्या आणि पाचव्या रकान्यातलं अंतर समजायला जनधन योजना चांगली. २८ ऑगस्ट २०१४ ला, सरकारच्या शंभर दिवसांच्या आतच, एका दिवसात सुमारे दीड कोटी खाती उघडली. समर्थकांनी इतिहास घडल्याचं सांगितलं. टीकाकारांनी दाखवून दिलं की बहुतेक खात्यांत शिल्लक शून्य आहे. त्या दिवशी दोघंही बरोबर होते. पुढच्या दोन-तीन वर्षांत शून्य शिल्लकीच्या खात्यांचं प्रमाण साधारण चौथ्या हिश्श्यापर्यंत उतरलं, आणि २०२० च्या टाळेबंदीत महिलांच्या खात्यांत तीन महिने दरमहा ५०० रुपये थेट टाकता आले ते याच खात्यांमुळे. शंभराव्या दिवशी बरोबर नोंद एवढीच होती: 'खाती उघडली. वापर पाहायचा.' दोन वाक्यं. कुणालाच न आवडणारी.

पायरी ४: कौतुक चाळून घ्या

नव्या नेत्याचं कौतुक कामाच्या आधी येतं. याचं नाशिकइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. चीन युद्धातल्या मानहानीनंतर संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावं लागलं आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण त्यांच्या जागी आले. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य महाराष्ट्राच्या तोंडी बसलं, आणि १९६३ मध्ये नाशिकनं त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवलं. तेव्हा त्यांच्या नावावर संरक्षणखात्याचं दाखवण्यासारखं काय होतं? फारसं काही नाही, काळच तेवढा झाला नव्हता. परीक्षा झाली ती १९६५ च्या युद्धात. नाशिककरांचा विश्वास चुकीचा ठरला नाही, ही अभिमानाची गोष्ट; पण तो विश्वास होता, मूल्यमापन नव्हतं. आपण आज दोन्हींची सरमिसळ करतो.

उलटही घडतं. इंदिरा गांधी जानेवारी १९६६ मध्ये पंतप्रधान झाल्या तेव्हा समाजवादी नेते राममनोहर लोहियांनी त्यांना 'गूंगी गुडिया' म्हटलं, जूनमधल्या अवमूल्यनावरून स्वपक्षानंही झोडपलं. त्या वर्षीच्या शेऱ्यावरून १९७१ किंवा १९७५ मधल्या बाईंचा अंदाज कुणाला आला असता?

परदेशातून आलेलं कौतुक तर आणखी जपून घ्यावं. बराक ओबामा २० जानेवारी २००९ ला अध्यक्ष झाले. शांततेच्या नोबेलसाठी नामांकनाची मुदत होती १ फेब्रुवारी. ऑक्टोबरात त्यांना नोबेल जाहीर झालं. २२ जानेवारीला त्यांनी क्यूबातला ग्वांतानामोचा अमेरिकी तुरुंग वर्षभरात बंद करण्याच्या आदेशावर सही केली होती. आठ वर्षांनी ते पायउतार झाले तेव्हाही तिथे ४१ कैदी होते. आणि लोकप्रियतेचा आकडा? केनेडी यांची एप्रिल १९६१ ची क्यूबावरची मोहीम पार फसली, त्यानंतर गॅलपच्या चाचणीत त्यांची पसंती ८३ टक्क्यांवर गेली. संकटात लोक नेत्यामागे उभे राहतात. तो आधार असतो, गुणपत्रिका नव्हे.

चाळण्याची रीत सोपी आहे. शंभर दिवसांची जाहिरात किंवा अग्रलेख घ्या आणि लाल पेनानं सगळी विशेषणं खोडा. 'धडाकेबाज निर्णयांनी देशाच्या विकासाला ऐतिहासिक गती' यातून विशेषण आणि हवा काढली की काहीच उरत नाही. 'अमुक तारखेला शुल्क ४० वरून २० टक्के' यातलं सगळं उरतं. उरलेलं वहीत घ्या. टीकेच्या लेखालाही हाच लाल पेन: 'लोकशाहीचा गळा घोटणारा हुकूमशाही कारभार' खोडल्यावर खाली एखादा वटहुकूम, एखादी रद्द झालेली बैठक उरते का ते बघा. उरली तर ती गंभीर आहे, घ्या. मग कौतुक करणाऱ्याला सरकारकडून जाहिरात, पद, कंत्राट यातलं काही मिळतंय का आणि टीका करणाऱ्याचं काही गेलंय का, हे कंसात लिहा. एवढ्यानं त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही, फक्त वजन ठरतं.

शक्य असेल तर हे काम घरी मोबाईलवर करू नका. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात बसा. १८४० पासूनची संस्था आहे आपली. टेबलावर एकमेकांना न पटणारी वर्तमानपत्रं शेजारी-शेजारी पडलेली असतात, आणि कुणी मोठ्यानं बोलत नाही.

पायरी ५: चुकल्यावर काय केलं

माझ्या लेखी हे पान सगळ्यांत महत्त्वाचं. पहिल्या वर्षात प्रत्येक सरकार कुठे ना कुठे आपटतं. बघायचं ते किती दिवसांत कळलं, कोणी सांगितलं आणि मान्य कसं केलं. डिसेंबर २०१४ मध्ये भूसंपादनाचा वटहुकूम आला, २०१५ मध्ये तो दोनदा पुन्हा काढला, आणि ऑगस्टअखेर तो नव्यानं न काढता संपू दिला. माघार घेतली हे कमीपणाचं नाही. पण राज्यसभेत संख्या नाही हे डिसेंबरातही माहीत होतं. मग आठ महिने का लागले, हा प्रश्न वहीत राहतो.

यासाठी संसदेचे कागद वाचा. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं, अतारांकित प्रश्नाला लेखी मिळतं. लेखी उत्तरं फार कमी लोक वाचतात आणि खरा आकडा बहुतेकदा तिथेच सापडतो. मंत्री सभागृहात 'विचाराधीन आहे', 'माहिती गोळा केली जात आहे' असं म्हणाले की ते सुटले असं आपल्याला वाटतं. सुटत नाहीत. अशी ठरावीक वाक्यं आश्वासन म्हणून धरली जातात आणि लोकसभेची सरकारी आश्वासनांविषयीची समिती त्यांचा पाठपुरावा करते. पूर्ततेची मुदत तीन महिने. समितीचे अहवाल उघडे असतात, आणि थकलेल्या आश्वासनांची यादी ही कुठल्याही विरोधी पक्षनेत्याच्या भाषणापेक्षा बोचरी असते.

प्रश्न विचारायचा तर आपल्या खासदाराकरवी. जिल्ह्याला नाशिक आणि दिंडोरी हे मतदारसंघ; मालेगाव, बागलाणच्या मंडळींचा खासदार धुळ्याचा. पत्र एका पानाचं, प्रश्न एकच, आकडा मागणारा.

तेही जमलं नाही तर माहितीचा अधिकार. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर, केंद्राच्या खात्यांना ऑनलाइन अर्ज चालतो. 'मेट्रोचं काय झालं?' असं विचारू नका, उत्तर येईल 'विचाराधीन'. असं विचारा: नाशिक मेट्रोच्या प्रस्तावावर केंद्रानं राज्याला पाठवलेल्या शेवटच्या पत्राची प्रत द्यावी, प्रस्ताव आज ज्या अधिकाऱ्याकडे आहे त्याचं पदनाम आणि फाइल त्याच्याकडे आल्याची तारीख द्यावी. मत मागितलं की टोलवाटोलवी होते, कागद मागितला की द्यावा लागतो. नाही दिला तर पहिलं अपील तीस दिवसांच्या आत.

वही अदलाबदल

निकाल लिहायच्या आधी एक काम. टेबलावरचा जो माणूस विरुद्ध मताचा आहे, त्याच्याशी वही बदला, आठवडाभरासाठी. त्यानं फक्त दोन गोष्टी करायच्या: तारीख किंवा आकडा चुकला असेल तर दुरुस्त करायचा, आणि तुम्ही आधीच्या सरकारला अशाच वेळी काय म्हणाला होतात त्याची आठवण समासात लिहायची. दुसरं काम लोक फार आवडीनं करतात.

मग निकाल. पास-नापास लिहू नका. प्रत्येक वचनापुढे कुठल्या रकान्यापर्यंत पोचलं एवढंच, आणि खाली तीन-चार ओळी: काय हातात होतं आणि केलं नाही, काय हातात नव्हतं, न सांगता काय केलं, चुकल्यावर कसे वागले. पुढच्या तारखेला कुठलं पान आधी उघडायचं ते पेन्सिलनं नोंदवा. सरकार मे-जूनमध्ये आलेलं असेल तर त्या आधी १ फेब्रुवारी येतेच; त्या दिवशी भाषण ऐकत बसण्यापेक्षा दुपारनंतर कागद उघडा आणि सुधारित अंदाजाचा रकाना आधी उतरवून घ्या.